आयलंडमधला 'एस' कोणी घातला?

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. आमच्या खर्डीला दूध माहीत आहे ते म्हशीचे, पहाटेच्या लोकलने कल्याणकडे जाणाऱ्या कॅनमधले. वाघिणीच्या दुधाचा आम्हांला धाकच जास्त. ज्याला ते पचले तो हुशार आणि ज्याला पचले नाही तो 'ढ', असा सरळ हिशेब शाळेत असताना आमच्या मनात पक्का बसला होता. हा हिशेब चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजी वाचताना आपण जिथे अडखळतो, तिथे बहुतेक वेळा दोष आपल्या डोक्याचा नसतो. त्या भाषेच्या इतिहासात काहीतरी घडून गेलेले असते. ते काय घडले, हे जमेल तेवढे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

महाराष्ट्रात २०००-०१ या वर्षापासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्यामुळे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 'अ आ इ'बरोबरच 'ए बी सी' गिरवले. माझ्या वडिलांच्या वेळी ती पाचवीला यायची. पण पहिलीत येवो की पाचवीत, घरी विचारायला कोणी नसले की दोन्ही सारखेच. आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिलीच. मराठीचा गृहपाठ अडला तर आई भाकऱ्या थापताना सांगायची. इंग्रजीचा अडला तर ती नुसती माझ्याकडे बघायची.

मराठी शिकलेल्या मुलाची इंग्रजीकडून एक साधी अपेक्षा असते. अक्षर दिसले की त्याचा जो ठरलेला आवाज आहे तो काढायचा. 'क'ला काना दिला की 'का', वेलांटी दिली की 'कि'. बाराखडी पाठ झाली की पुस्तकातले काहीही वाचता येते, मग अर्थ कळो न कळो. इंग्रजीत अक्षरे सव्वीसच, म्हणून आम्हांला वाटले काम सोपे झाले. पुढे कळले की या सव्वीस अक्षरांवर सुमारे चव्वेचाळीस ध्वनींचा संसार चालतो. त्यांतले वीसेक ध्वनी स्वरांचे, आणि स्वरांसाठी अक्षरे मात्र पाच! एका खोलीत चार कुटुंबे राहिल्यावर जे व्हायचे तेच तिथे होते.

आमच्या गावाचेच उदाहरण घ्या. कसाऱ्याच्या अलीकडे आमचे स्टेशन. फलकावर इंग्रजीत के-एच-ए-आर-डी-आय अशी सहा अक्षरे आहेत. बाहेरचा माणूस त्यांतून 'खारडी', 'खरदी', 'खारदी' असे काहीही वाचू शकतो, कारण 'ए'मध्ये अ आणि आ दोन्ही राहतात आणि 'डी'मध्ये ड आणि द दोन्ही. ठाण्याचेही तसेच. टी-एच म्हणजे ठ की थ, हे अक्षरे बघून सांगता येत नाही. म्हणून गाडीत कोणी 'थाने कब आयेगा' असे विचारतो. इथे इंग्रजीला दोष देता येणार नाही. आपल्या शब्दाला दुसऱ्याचा सदरा घातला, तो बाह्यांत आखूड पडला, एवढेच.

पण इंग्रजीचा स्वतःचा सदरा तरी तिला कुठे नीट बसतो? बी-यू-टी बट आणि पी-यू-टी पुट, हे कोडे प्रत्येक पिढीने आपापल्या मास्तरांना घातले आहे. १९७५ सालच्या 'चुपके चुपके' या हिंदी चित्रपटात धर्मेंद्र ड्रायव्हरच्या वेषात असाच प्रश्न विचारतो: टी-ओ टू होते, डी-ओ डू होते, मग जी-ओ चे काय? लोक हसतात आणि पुढचा प्रसंग सुरू होतो. मला मात्र नेहमी वाटे की प्रश्न अगदी रास्त आहे, उत्तर कोणीच का देत नाही? आमच्या ग्रंथालयात इंग्रजी भाषेच्या इतिहासाची पुस्तके आहेत. त्यांत याची उत्तरे सापडली, आणि ती विनोदापेक्षा जास्त मजेदार निघाली.

प्रथम 'गो' आणि 'डू' घेऊ. चॉसर नावाचा मोठा इंग्रज कवी १४०० साली वारला. त्याच्या काळी इंग्रजीत लांब ओ दोन प्रकारचे होते. एक तोंड उघडे ठेवून काढायचा, साधारण आपल्या 'ऑ'सारखा. दुसरा ओठ आवळून काढायचा, आपल्या 'ओ'सारखा. 'गो'मध्ये पहिला होता, 'डू' आणि 'टू'मध्ये दुसरा. म्हणजे तेव्हाचा इंग्रज 'गॉ' म्हणे आणि 'डो' म्हणे. दोन्हींसाठी अक्षर मात्र एकच, ओ. नंतरच्या दोन-तीनशे वर्षांत इंग्रजांच्या तोंडातले सगळे लांब स्वर एकेक पायरी वर सरकले. 'ऑ'चा 'ओ' झाला, 'ओ'चा 'ऊ' झाला. 'गॉ'चे 'गो' झाले, 'डो'चे 'डू' झाले. कागदावर दोघे जिथल्या तिथे राहिले. धर्मेंद्रला हे उत्तर कोणी दिले असते, तर एक चांगला विनोद मात्र वाया गेला असता.

इथे आपल्या लिपीचे कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. 'बॉल' आणि 'बोल' यांत आपण घोटाळा होऊ देत नाही. इंग्रजी शब्द मराठीत येऊ लागले, तेव्हा 'बॅट'मधला आणि 'बॉल'मधला आवाज दाखवायला आपल्याकडे जुनी चिन्हे नव्हती. मग अर्धचंद्र वापरून नवी केली. पुढे २००९ सालच्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत रीतसर जागा मिळाली. चॉसरजवळ आपला 'ऑ' असता, तर पुढच्या कित्येक पिढ्यांतल्या मुलांच्या हातांवरच्या छड्या वाचल्या असत्या.

आता 'बट' आणि 'पुट'. पूर्वी या दोन्ही शब्दांत ऱ्हस्व 'उ'च होता. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये बऱ्याच शब्दांतला हा 'उ' बदलून 'अ'सारखा झाला. प, ब, फ हे ओठांनी काढायचे आवाज जिथे आधी होते, तिथे काही शब्दांत जुना 'उ' टिकला: पुट, पुश, बुल, फुल. ('बट'मध्ये ब असूनही 'उ' गेला. तेव्हा हा नियमही पुरता पाळला गेला नाही, हे आधीच सांगून टाकते.) गंमत पुढेच आहे. उत्तर इंग्लंडमध्ये हा बदल पोहोचलाच नाही. यॉर्कशर-लँकेशरकडचे अनेक लोक आजही 'बट'ला 'बुट' आणि 'कप'ला 'कुप' म्हणण्याच्या जवळपास जातात. म्हणजे पहिलीतला खर्डीचा मुलगा बी-यू-टी 'बुट' वाचतो, तेव्हा तो अज्ञानाने का होईना, यॉर्कशरच्या शेतकऱ्यासारखा वाचत असतो. त्या शेतकऱ्याला कोणी बाकावर उभे करत नाही.

लिहिणे एकीकडे आणि बोलणे दुसरीकडे असे झाले तरी का? याचे मोठे कारण छापखाना. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. (आपल्याकडे तोवर ज्ञानेश्वरी लिहून १८६ वर्षे झाली होती.) छापील पुस्तके घरोघर जाऊ लागली तसतसे शब्दांचे लेखन घट्ट होत गेले. पण वर सांगितलेले स्वरांचे सरकणे साधारण १४०० ते १७०० या काळातले. गाडी सुटलेली, आणि स्टेशनवरच्या फलकाला मात्र आधीच रंग देऊन झालेला! एन-ए-एम-ई हा शब्द आपण 'नेम' वाचतो. त्यातला शेवटचा 'ई' कशासाठी, असे मला लहानपणी वाटे. चॉसरच्या वेळी तो शब्द 'नामे' असा काहीसा उच्चारला जाई आणि तो 'ई' बोलला जाई. आपल्या संस्कृत 'नाम'चा तो दूरचा भाऊच आहे. 'नाइट' म्हणजे रात्र, त्यातले जी-एच आज मुके आहेत. पूर्वी तिथे घशातून काढलेला 'ख'सारखा आवाज होता. जर्मन भाषेत तो अजून ऐकू येतो, त्यांची रात्र 'नाख्ट' असते. आणि संस्कृतात रात्रीला 'नक्त' हा शब्द आहेच. 'नाइफ'मधला 'के'ही एके काळी बोलत असे. मुकी अक्षरे म्हणजे जुन्या आवाजांची थडगी आहेत असे म्हटले तरी चालेल.

मात्र सगळ्याच मुक्या अक्षरांखाली प्रेत नाही. काही थडगी रिकामी आहेत, आणि या लेखाचे शीर्षक त्यांतल्याच एकावरून घेतले आहे.

अकरावीत असताना आमच्या वर्गात एक मैत्रीण होती. पाड्यावरून रोज दीड तास चालून येणारी. तिच्या घरी बोलतात ती भाषा पुस्तकातली मराठी नव्हे. म्हणजे मराठी तिची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. तरी ती सगळ्यांच्या आधी हात वर करायची. एके दिवशी तासाला ती धडा मोठ्याने वाचत होती आणि आय-एस-एल-ए-एन-डी हा शब्द आला. तिने स्वच्छ आवाजात 'इसलँड' वाचले. वर्ग हसला. "आयलंड. एस सायलेंट," असे तिला सांगण्यात आले आणि धडा पुढे गेला. कोणाच्या मनात वाईट नव्हते. पण त्या वर्षी तिने पुन्हा वाचायला हात वर केला नाही, आणि बारावीनंतर ती कॉलेजात आली नाही. तिच्या न येण्याला दुसरीही कारणे होती हे मला ठाऊक आहे. तरी ते हसणे त्यांत धरू नये असे मला वाटत नाही.

आता त्या 'एस'ची हकिकत ऐका. जुन्या इंग्रजीतल्या या शब्दात 'एस' कधीच नव्हता. उच्चारात नव्हता, लेखनातही नव्हता. पुढे तो 'ईलँड' अशा तऱ्हेने लिहिला जाऊ लागला, तेव्हाही नव्हता. त्याच अर्थाचा 'आइल' हा दुसरा शब्द मात्र फ्रेंचमधून आलेला, मूळ लॅटिन 'इन्सुला'. त्यात 'एस' होता. पंधराव्या-सोळाव्या शतकांत इंग्लंडात लॅटिनचे वेड वाढले, आणि दोन्ही शब्द एकाच मुळाचे समजून शिकलेल्या लोकांनी घरच्या शब्दातही 'एस' घुसवला. नाते नसताना नाव लावले! 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला 'बी' असाच. फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. लॅटिन 'डेबिटुम'ची आठवण म्हणून पंडितांनी तो मागाहून बसवला. 'डाउट'मधल्या 'बी'चीही तीच कथा. हे 'बी' इंग्रजांनी त्या शब्दांत कधी उच्चारलेच नाहीत.

तेव्हा त्या दिवशी वर्गात चूक कोणाची होती? माझ्या मैत्रिणीने समोर छापलेले अक्षर प्रामाणिकपणे वाचले. घोटाळा झाला होता चारपाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज विद्वानांचा, आणि त्याचे हसू पडले ते आमच्या तालुक्यातल्या एका मुलीच्या अंगावर. "हा एस चुकून पडलेला आहे, पण आता सगळे तो लिहितात म्हणून आपणही लिहायचा," एवढे एक वाक्य सांगायला अर्धे मिनिट लागते. आमच्या प्राध्यापकवर्गाने आणि पुढे शिक्षक होणाऱ्या मित्रमैत्रिणींनी या अर्ध्या मिनिटाचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

इंग्रजीची एवढी उणीदुणी काढल्यावर घरचेही पाहायला हवे. मराठी जशी लिहावी तशी वाचावी, असे आपण अभिमानाने सांगतो. मग 'चार जनावरांना चारा घाल' हे वाक्य परक्या माणसाला वाचायला द्या. 'चार'मधला च वेगळा आणि 'चारा'मधला वेगळा, पण अक्षर एकच. 'तो जात आहे' आणि 'त्याची जात' यांतले दोन 'ज' वेगळे, लिहिताना कुठे फरक दिसतो? आपण आईच्या मांडीवर हे शिकलो म्हणून आपल्याला ते कोडे वाटत नाही. आपल्या 'परवा'ने तर कमालच केली आहे. तो होऊन गेलेला दिवस की येणारा, हे क्रियापद येईपर्यंत कळत नाही.

लिंगाचे प्रकरण याहून बिकट. माझी आजी 'ठेसन' म्हणते. ती शाळेत गेलेली नाही. पण "लोकल आली, सिग्नल पडला, तिकीट काढलं" हे ती न चुकता बोलते. लोकल स्त्रीलिंगी, सिग्नल पुल्लिंगी, तिकीट नपुंसकलिंगी. तिन्ही शब्द इंग्रजीतून आलेले, इंग्रजीत त्यांना लिंगच नाही. मग आजीला हे कोणी सांगितले? मी तिला विचारले तर म्हणाली, "आता लोकल आला असं म्हणू का मी?" याहून चांगले उत्तर व्याकरणाच्या पुस्तकांतही मला मिळालेले नाही. मराठी शिकणाऱ्या इंग्रजाला हे सगळे घोकावे लागत असणार. विल्यम केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण इंग्रजीत छापले. त्याच्याही आधी, १५७९ साली, फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज गोव्यात आला. त्याने मराठीत ओव्या रचून 'ख्रिस्तपुराण' लिहिले आणि ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. ज्या काळात इंग्रजांचे स्वर सरकत होते, त्याच काळातला हा माणूस आपला 'ळ' आणि 'ण' जिभेवर घोळवत होता. त्यालाही कोणी ना कोणी हसले असेलच.

'पुट' या एका क्रियापदाला शेपूट जोडून इंग्रज किती अर्थ काढतात! 'पुट आउट' म्हणजे विझवणे, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे. यावर आमचा वर्ग नेहमी कुरकुरतो. पण आपण हाक मारतो, मिठी मारतो, उडी मारतो, थाप मारतो, डोळा मारतो; यांत मार कोणालाच बसत नाही. आपण भाव खातो, हवा खातो, डोके खातो, आणि पोट रिकामेच! तेव्हा या बाबतीत आपण गप्प बसलेले बरे.

काही ठिकाणी मात्र इंग्रजी खरोखर तोकडी पडते असे मला वाटते. 'वी आर गोइंग' असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याने चप्पल घालायची की नाही? मराठीत 'आपण जाऊ' म्हटले की तो आला, 'आम्ही जाऊ' म्हटले की तो राहिला. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण सगळ्यांना 'यू'. सरांना 'यू' म्हणताना पहिल्या वर्षी माझी जीभ रेटेना. इंग्रजीतही 'तू'साठी 'दाऊ' असा वेगळा शब्द होता, तो रोजच्या बोलण्यातून गेला आणि बहुवचनाचा मान सगळ्यांना मिळाला, हे वाचल्यावर जरा बरे वाटले. म्हणजे इंग्रज कुत्र्यालाही 'तुम्ही'च म्हणतो! काका, मामा, मावसा, आत्याचे यजमान या सगळ्यांना एका 'अंकल'मध्ये कोंबणे मात्र मला अजून पटलेले नाही.

हे सगळे वाचून इंग्रजीत नियमच नाहीत असे कोणी समजू नये. आहेत, आणि ते उपयोगी आहेत. शब्दाच्या सुरुवातीला के-एन आले की 'के' मुका, डब्ल्यू-आर आले की 'डब्ल्यू' मुका, शेवटी एम-बी आले की 'बी' मुका. शेवटी एकटा 'ई' जोडला की आधीचा स्वर आपले नाव सांगतो: हॅटचे हेट होते, पिनचे पाइन, नॉटचे नोट, कटचे क्यूट. अपवाद आहेत ('हॅव' आणि 'गिव्ह' कुणाचे ऐकत नाहीत), पण या चार नियमांत किती तरी शब्द बसतात. हे मला कोणी पाचवीत सांगितले असते तर स्पेलिंगे पाठ करण्यातल्या कित्येक रात्री वाचल्या असत्या.

मग इंग्रज आपले लेखन सुधारत का नाहीत? आपण सुधारले. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम शासनाने मान्य केले, १९७२ साली त्यांत चार वाढले आणि अठरा झाले. न उच्चारले जाणारे अनुस्वार त्यामुळे गेले. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांत 'घरांत', 'केलें', 'नाहीं' असे छापलेले दिसते. त्या टिंबांशिवाय आपले काही अडलेले नाही. इंग्रजीसाठीही लोकांनी खटपट केली. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८ च्या आपल्या शब्दकोशात 'कलर', 'ऑनर' यांतला 'यू' काढून टाकला. अमेरिकेने ते मानले, इंग्लंडने नाही. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ १९५० साली वारला, तेव्हा इंग्रजीसाठी नवी वर्णमाला करावी म्हणून मृत्युपत्रात पैसे ठेवून गेला. ती वर्णमाला झाली, तिच्यात त्याचे एक नाटकही छापले गेले, तेही १९६२ सालीच! पण ती कोणी वापरली नाही. अडचण अशी की उच्चाराप्रमाणे लिहायचे तर कोणाच्या उच्चाराप्रमाणे? लंडनचा 'बट' धरायचा की यॉर्कशरचा 'बुट'? स्कॉटलंडचे, अमेरिकेचे, आणि आता आपलेही उच्चार आहेतच. प्रत्येकाने आपापले लिहिले तर एकाचे पत्र दुसऱ्याला वाचता येणार नाही. जुने, वेडेवाकडे का होईना, लेखन सगळ्यांना सारखेच परके आहे, आणि म्हणूनच ते सगळ्यांना चालते. लंडनच्या मुलालाही आयलंडमधला 'एस' पाठच करावा लागतो.

येत्या परीक्षेत तो लिहायला विसरू नये. त्याचा अर्धा गुण जातो.